सिटोस्टेरॉलच्या शेजारचा पाहुणा

माझ्या हातून काय झालं ते सांगतो, पण आधी चहा घ्या, कारण मध्येच उठलात तर मी पहिल्यापासून सुरू करणार नाही. लोट्याच्या एमआयडीसीत ही गोष्ट माझ्या पाठीमागे सगळे सांगतात, तीही तिखटमीठ लावून. म्हटलं, आपणच सांगावी. निदान तिखट आपल्या हाताने पडेल.

मी लोट्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. नाव दिनेश, पण ते फक्त हजेरीपुरतं. घरी दिनू. घर वेळणेश्वरच्या वरच्या अंगाला, पंधरा घरांची वाडी. लोट्यापासून अडीच तास. अडीच तास म्हणजे काय हो? मुंबईची माणसं रोज तेवढ्यात हापिसातून घरी जातात. पण त्या अडीच तासांसाठी मी दोन वर्षं झुरत होतो.

का, ते ऐका. शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. एरवी आपण देवळात जातो, पण शिमग्यात देव आपल्या अंगणात येतो. तेव्हा घरच्या कर्त्या पुरुषाने पुढे व्हायचं, पालखीला खांदा द्यायचा, ढोलावर ती नाचवायची आणि मग दारात टेकवायची. आमच्या अंगणात हे बाबा करायचे. बाबा गेले, त्याला आता चौथं वर्ष. पहिलं वर्ष दुखवट्यात गेलं. पुढची दोन वर्षं मला रजा मिळाली नाही, आणि आमच्या पालखीला खांदा दिला चुलत्यांच्या संतोषने.

संतोषने बरं केलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. त्याने व्हिडिओही पाठवला. पण त्या व्हिडिओत पालखी नाचतेय, सगळी वाडी पालखीकडे बघतेय, आणि आमची आये एकटी रस्त्याच्या वळणाकडे बघत उभी आहे. तिथून एसटीतून उतरलेला माणूस दिसतो. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेन, विचारू नका.

या वर्षी आयेने फोनवर सांगितलं, "दिनू, ह्या वर्साला तरी ये रे बाबा. देव इचारतो, घरात पुरुस हाय का नाय?"

"येतो आये. नक्की येतो."

रजा मंजूर झाली होती. आमच्या पाटील मॅडम, लॅबच्या हेड, मूळच्या कोल्हापूरच्या. बोलायला कडक, पण मनाने बऱ्या. म्हणाल्या, "जावा की. पण हा लॉट क्लिअर करून जायचं. रिपोर्टवर सही झाली की तुम्ही मोकळे."

आता लॉट कसला आणि रिपोर्ट कसला, हे सांगितल्याशिवाय माझा पराक्रम कळायचा नाही. घाबरू नका, दोन मिनिटांत आटपतो.

आमची कंपनी सोयाबीन तेलाच्या गाळातून स्टेरॉल काढते. डॉक्टर ज्याच्या नावाने आपली कोळंबी बंद करतो ते कोलेस्टेरॉल, त्याचीच ही झाडांतली भावंडं. कॅम्पेस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल आणि सिटोस्टेरॉल. तिघं इतकी सारखी की एकात एक कार्बन कमी, दुसऱ्यात एक जोडबंध जास्त, बाकी चेहरेपट्टी तीच. माझं काम एवढंच, की या तिघांना वेगळं करायचं आणि कोण किती आहे ते सांगायचं.

ते होतं गॅस क्रोमॅटोग्राफवर. आम्ही त्याला जीसी म्हणतो. त्याच्या भट्टीत केसाएवढ्या बारीक नळीचं तीस मीटर लांब वेटोळं असतं. एका टोकाला थेंब सोडायचा, त्याची वाफ होते, आणि वायू तिला पुढे ढकलत नेतो. नळीला आतून लेप असतो. त्या लेपाशी ज्याचं जास्त जमतं तो रेंगाळतो. आमच्या वाडीतून कुणी जायला निघालं तर कसं, ज्याची ओळख कमी तो सरळ बाहेर पडतो, आणि ज्याला प्रत्येक ओट्यावर "काय, बरं हाय मा?" विचारायचं असतं त्याला तास लागतो. तसंच हे. जो जसा बाहेर पडेल तसा संगणकावर त्याचा सुळका उमटतो. तीन भावंडं, तीन सुळके. एका नमुन्याला चाळीस मिनिटं.

झालं, शास्त्र संपलं. आता फणस.

पालखीच्या आदल्या दिवशी सकाळी लोट्याच्या स्टॉपवर एसटीच्या कंडक्टरने मला एक पिशवी दिली. आयेने धाडलेली. पिशवीचं तोंड सुतळीने बांधलेलं, आणि गाठ अशी की सोडवायला दात लागावेत. आत घरामागच्या परड्यातल्या फणसाची कुयरी. म्हणजे कोवळा फणस, भाजीचा. तेवढ्यात फोन आला.

"गावली काय कुयरी?"

"गावली. पण आये, मी उद्या येतोयच ना? मग कशाला धाडलीस?"

"आज काय खाशील मग? ती मेसची वांगी? आनि कापताना हाताला त्याल लाव बरं."

"आये, मी कोकणातलाच आहे."

कोकणातल्या माणसाला फणस कापायला शिकवायचा म्हणजे काय? पण खोलीवर येऊन बघतो तर खोबरेल तेल नाही. कुठून असणार? बत्तिसाव्या वर्षी डोक्यावर तेल लावण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि लग्न जमत नाही त्याचं एक कारण तेच. गोडं तेल डब्याच्या तळाशी, फोडणीपुरतं. ते हाताला लावलं तर भाजी कशात करणार? शिफ्टला पाऊण तास होता. शहाण्या माणसाने कुयरी कोपऱ्यात ठेवली असती. पण मला घरची भाजी खायची होती. कळतंय ना तुम्हाला? चार महिने मेसचं जेवलेल्या माणसासमोर त्याच्या परड्यातला फणस येऊन पडला होता. मी सुरी घेतली आणि कोरड्या हाताने कापला.

भाजी काय झाली होती म्हणून सांगू. खोबरं नव्हतं, मोहरी जळाली होती, आणि तरी पहिल्या घासाला मला आमची चूल दिसली, चुलीपुढची आये दिसली, आणि "गप जेव, बोलू नको" म्हणणारे बाबासुद्धा दिसले. मी उभ्याउभ्या अर्धं पातेलं संपवलं.

मग हात बघितले. चिकाने बरबटलेले. आणि फणसाचा चीक म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. साबण लावला, चीक तसाच. माती लावली, चीक आणि वर माती. कंपनीची बस आली. मी दांडा धरला तो हात चिकटला, सोडवला तर शेजारी उभ्या असलेल्या साळुंखेंच्या शर्टाला चिकटला.

लॅबमध्ये पोचलो आणि समोर कपाटात काय दिसलं? हेक्झेन. नमुने विरघळवायला आम्ही हेच वापरतो. तेलकट, चिकट, मेणचट, काहीही विरघळवतं. आदल्याच संध्याकाळी उघडलेली नवी कोरी बाटली, वर माझीच सही आणि तारीख. इथे सेफ्टी ऑफिसर कुणी बसले असतील तर त्यांनी क्षणभर कान बंद करावेत. मी कापसाचा बोळा घेतला, बाटलीच्या तोंडाशी धरला, बाटली जराशी कलती केली, बोळा भिजला, बोटं पुसली. पुन्हा तोच बोळा तोंडाशी, पुन्हा कलती, पुन्हा पुसली. घरी खोबरेलची बाटली अशीच वापरतात ना? तशीच. दोन मिनिटांत हात स्वच्छ. मी स्वतःच्या हुशारीवर खूश झालो, हातमोजे घातले, आणि त्याच बाटलीतल्या हेक्झेनमध्ये लॉटचे सहा नमुने विरघळवायला घेतले.

तुमच्या लक्षात आलं ना? तुमच्या दोन मिनिटांत आलं. मला दीड दिवस लागला.

पहिला नमुना लावला. कॅम्पेस्टेरॉल आलं, स्टिग्मास्टेरॉल आलं, सिटोस्टेरॉल आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी खेटून, चौथा सुळका. तिथे कधीच कुणी नसतं.

खरं सांगतो, आधी मी घाबरलो नाही, हुरळलो. मला वाटलं, नवीन स्टेरॉल सापडलं. सोयाबीनमध्ये आजवर कुणाला न दिसलेलं भावंड, आणि ते दिसलं कुणाला, तर आमच्या वाडीतल्या दिनूला. दुसरा नमुना संपेस्तोवर मी त्याचं बारसंही उरकलं. वेळणेश्वरॉल. पालखीपुढे नारळ ठेवून आयेला कसं सांगायचं, तेही ठरवलं.

माझ्या जोडीचा संजय, खेडकडचा, तो मागून वाकून बघत म्हणाला, "हे काय रे? सगळ्या नमुन्यांत सारखंच दिसतंय."

"सगळ्या नमुन्यांत आहे म्हणजे खरं आहे," मी म्हणालो. काय ही अक्कल.

पाटील मॅडम आल्या, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लॉट होल्ड."

"मॅडम, कदाचित नवीन..."

"नवीन काही नसतंय. काहीतरी घाण हाय. कुठनं आली ते शोधा. तोवर एक पिंप हलणार नाही, आणि कुणी रजेवर जाणार नाही."

वेळणेश्वरॉल जागच्या जागी मेलं.

मग सुरू झाली शोधाशोध. मी म्हणालो, प्लँटवाल्यांनी टाकी धुतली नसणार. प्लँटचा सुपरवायझर तणतणत आला. "टाकी धुतली नाही असं कोण म्हणालं? आमच्या टाकीत तोंड बघा तुमचं." तरी टाकी पुन्हा धुवायला लावली. मग मी म्हणालो, नळीच खराब झाली असणार. तिचं पुढचं टोक कापलं. सुळका तसाच. काचेची आतली नळी बदलली, रबराची चकती बदलली, भट्टी रात्रभर तापवत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येऊन नमुना लावला. सिटोस्टेरॉलच्या शेजारी पाहुणा हजर.

तो पालखीचा दिवस. पालखी आमच्या दारात पाच-साडेपाचला येते. म्हणजे मला एकची गाडी पकडायलाच हवी होती, पुढची थेट चारची. नऊला आयेचा फोन. "अंगान सारवलंय. तुजं धोतर काढून ठेवलंय, बापसाचं. निघालास काय?"

"निघतो आये, थोडं काम आहे."

"कसलं काम?"

"एक पाहुणा आलाय, तो कोण ते कळत नाय."

"मग त्याला च्या दे नि ये," आये म्हणाली.

दहाला मॅडमनी डोकं चालवलं. "नमुना नको. नुसतं हेक्झेन लावा." लावलं. सुळका आला. नमुनाच नाही, तरी पाहुणा आहे. मग मॅडमनी हेक्झेनची दुसरी बाटली उघडायला लावली. ती लावली. पडद्यावर सरळ रेष, चौथ्याचा मागमूस नाही.

"बाटलीच खराब," मॅडम म्हणाल्या. "सप्लायरला कडक मेल लिहा."

मला हायसं वाटलं. बारा वाजत आले होते. मी असा मेल लिहिला की वाचून सप्लायरने दुकान बंद करावं. आपल्या निष्काळजीपणामुळे, अक्षम्य, तातडीने खुलासा. आणि मॅडमना दाखवायला उठलो.

तेवढ्यात संजय म्हणाला, "दिनू, तू नीघ. सहाही नमुने नव्या बाटलीतून पुन्हा लावावे लागतील. सहा गुणिले चाळीस, चार तास. मी लावतो. तुझी पालखी आहे."

"तुझ्या गावची?"

"आमचीही आजच. पण मी गेल्या वर्षी होतो. तू दोन वर्षं नाहीस. जा."

असा माणूस. बॅग उचलली. आणि संजय ती खराब बाटली पंचनाम्याला बाजूला ठेवायला म्हणून उचलतो तर त्याचा अंगठा तोंडाशी चिकटला.

"हे काय लागलंय?"

मॅडमनी बघितलं. "डिंक हाय काय?"

कोल्हापूरच्या माणसाला डिंकच वाटणार. मी वाकून बघितलं. बाटलीच्या तोंडाला पिवळट पांढरा थर, त्यात कापसाचा एक धागा अडकलेला. आणि मला सगळं एकदम दिसलं. कुयरी, सुरी, कोरडे हात, बोळा, कलती बाटली, आणि बोळ्यातून परत बाटलीत निथळलेलं हेक्झेन. फणसाच्या चिकात काय असतं माहीत आहे? स्टेरॉलची चुलत भावंडंच असतात. मी शिकलोय ते कॉलेजात. दीड दिवस मी ज्याला शोधत होतो तो माझ्याच परड्यातून आला होता.

आता इथे खरी गंमत आहे, आणि ही गंमत मला नको होती. मेल तयार होता. खापर सप्लायरवर फुटलेलं. संजय माझं काम करायला तयार. माझ्या नखाखाली बारीकसा चीक अजून होता, पण तो दिसत मलाच होता. गप्प बसलो असतो तर एकची गाडी, साडेतीनला वळणावर उतरलो असतो, आणि आयेने मला बघितलं असतं. मी सांगतो तुम्हाला, मी दारापर्यंत गेलो. हात कडीवर ठेवला.

पण मागे संजय बाटल्या मांडत होता. त्याच्या गावची पालखी, माझा चीक, आणि चार तास त्याचे. हे कसं करायचं? बाबांच्या धोतरात उभं राहून देवाला खांदा द्यायचा आणि इकडे हे?

मी परत फिरलो. "मॅडम, डिंक नाही. फणस आहे."

"काय?"

"फणसाचा चीक. माझ्या हाताचा. मी हेक्झेनने हात पुसले."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मग बाटलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"म्हणजे काल टाकी धुवायला लावली..."

"माझ्यामुळे."

"नळी कापली..."

"माझ्यामुळे."

"आणि हा मेल?"

"फाडतो."

"मेल फाडत नाहीत, दिनेश. डिलीट करतात." मग त्या खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. संजय तर टेबलाला धरून उभा होता. हसून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "संजय, तुम्ही जावा. आणि दिनेश, चार तास. स्वतः लावायचे."

मी आयेला फोन केला. खोटं सांगणार होतो, मशीन बिघडलं म्हणून. पण आयेच्या "निघालास काय?" पुढे मला खोटं सुचलं नाही. सगळं सांगितलं. कुयरी, तेल, चीक, बाटली.

"आये?"

"मीच धाडली रे कुयरी," ती म्हणाली. "मलाच धीर निघाला नाय."

ते मला सगळ्यात जास्त लागलं. मॅडमच्या हसण्यापेक्षा जास्त.

मी नमुने लावले. पहिला, दुसरा, तिसरा. तीन सुळके, सरळ रेष. तीन सुळके, सरळ रेष. इतके सुंदर आलेख मी आयुष्यात काढले नसतील, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. साडेचार झाले. आता पालखी होडेकरांच्या दारात असेल. पाच. आता वाडीमधला पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडला असेल. मला प्रत्येक घर माहीत होतं. कुणाच्या अंगणात किती वेळ नाचते तेही माहीत होतं. इथे बसून मी पालखीबरोबर चालत होतो. दोन वर्षं व्हिडिओ बघितला होता, या वर्षी तर व्हिडिओचीही गरज लागली नाही.

सव्वापाचला फोन वाजला. संतोषचा. उचलला तर नुसता ढोल. हातात नमुन्याची बाटली होती म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. ढोल थांबला आणि आयेचा आवाज आला, "दिनू, देव दारात टेकलाय. आयक." मागे मॅडम सहीसाठी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना थांबा म्हणालो. पाटील मॅडमना मी पहिल्यांदाच थांबा म्हणालो, आणि त्या थांबल्या.

आमच्याकडे पालखी टेकली की गावचा जाणता माणूस घरच्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो. मोठ्या आवाजात, एकेक वाक्य. आणि प्रत्येक वाक्याला सगळी वाडी "व्हय महाराजा" म्हणून साथ देते. आमच्याकडे ते गणूकाका घालतात. बाबांचे दोस्त. सुरुवात नेहमीसारखीच झाली. बारा वाड्यांच्या धन्या, रखवाली कर, गुरंवासरं सांभाळ. व्हय महाराजा. आणि मग काकांनी आवाज चढवला.

"आनि हा तुजा लेकरू दिनू, लोट्याच्या कंपनीत हाय, व्हय महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"सारकी सारकी दिसनारी भावंडं येगळी करतो, येवढा शिकलाय, व्हय महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"पन सोताच्या फनसाचा चीक त्याला दीड दिस वळाकला नाय, व्हय महाराजा!"

पन्नास माणसं. एका सुरात. आयेने सगळं सांगून टाकलं होतं, वाडीला आणि देवालाही.

"त्याची आये वाट बगते, त्याचा जीव हिकडंच हाय, पुढल्या वर्साला त्याला रजा दे, आनि त्याच्या खांद्यावर येऊन बस, व्हय महाराजा!"

मला काही दिसेनासं झालं. पडदा, सुळके, सगळं पाण्यात. वाडीने साथ दिली, मला देता आली नाही.

"आनि तवर," काका थांबले, "तवर त्याला थोडी अक्कल दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

एवढा मोठा आवाज कुणाचा आला म्हणून मॅडम दचकल्या. शेजारच्या पॅकिंगवाल्यांनी दारातून डोकावून बघितलं. तो आवाज फोनमधून आला नव्हता. उठून उभा राहून, दोन्ही हात जोडून, सगळ्या वाडीच्या वर मीच ओरडलो होतो. रजेला नाही. अकलेला.